सीआरएम घेतलंय, पण कामाला येत नाही: सेल्स टीमचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, भोसरी, अंबड, वाळूज किंवा वेर्णा इथल्या औद्योगिक वसाहतींतून मशिनरी, सुटे भाग, पॅकेजिंग, केमिकल अशा वस्तू दुसऱ्या कंपन्यांना विकणाऱ्या टीम डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. सीआरएम म्हणजे ग्राहक, चौकशा आणि त्यांचा पाठपुरावा नोंदवायचं सॉफ्टवेअर. ते झोहो असो, सेल्सफोर्स असो की हबस्पॉट, अडचणी साधारण सारख्याच असतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

सेल्सची माणसं सीआरएम भरतच नाहीत. सक्ती करावी का?

सक्तीने रकाने भरले जातात, पण खरी माहिती येत नाही. शनिवारी संध्याकाळी आठवडाभराच्या भेटी एकदम टाकल्या जातात आणि प्रत्येकीपुढे ‘चर्चा झाली, फॉलो-अप करायचा’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा उपयोग कोणालाच नाही.

भरणाऱ्याला त्या बदल्यात काय मिळतं, हा खरा प्रश्न आहे. पार्टीच्या गेटवर उभं असताना मोबाइलवर मागचं कोटेशन, दिलेला डिस्काउंट, थकलेली उधारी आणि सर्व्हिसची उघडी तक्रार एका स्क्रीनवर दिसली, तर माणूस आपणहून ॲप उघडतो. कोटेशन सीआरएममधूनच दोन मिनिटांत तयार होत असेल, तर डील (मिळू शकणाऱ्या ऑर्डरची नोंद) टाकल्याशिवाय त्याचंच अडतं. आधी या दोन गोष्टी जमवा.

त्यानंतर मॅनेजरची बाजू. रोजचा रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर, आठवड्याचा एक्सेलमध्ये आणि शिवाय सीआरएम, असं तीन ठिकाणी लिहायला लावलं तर पहिलं मरतं ते सीआरएम. एक तारीख जाहीर करा आणि त्या दिवसापासून एक्सेल रिपोर्ट स्वीकारणं बंद करा. मालकांनी ‘जरा मला फोनवरच सांग’ म्हटलं की ती तारीख संपली असं समजा.

किती माहिती सक्तीची ठेवायची?

लीड (कच्ची चौकशी) टाकताना सहा गोष्टी पुरतात: नाव, मोबाइल, कंपनी, पिन कोड, कोणतं प्रॉडक्ट हवं आहे आणि चौकशी कुठून आली. डीलवर पाच: रक्कम, ऑर्डरची अपेक्षित तारीख, टप्पा, पुढचं काम आणि त्या कामाची तारीख. बाकी सगळं नंतर, त्या त्या टप्प्यावर विचारा. झोहोच्या ब्लूप्रिंटमध्ये टप्पा बदलताना ठरावीक रकाने सक्तीचे करता येतात. सेल्सफोर्समध्ये व्हॅलिडेशन रूल लावून तेच साधतं.

आत्ता असलेले रकाने तपासायचे असतील तर मागच्या सहा महिन्यांतल्या सगळ्या डील एक्सपोर्ट करा आणि प्रत्येक कॉलम किती टक्के भरला आहे ते पाहा. २० टक्क्यांहून कमी भरलेला रकाना स्क्रीनवरून काढा. डिलीट मात्र करू नका; आतला डेटाही जातो आणि त्यावर बांधलेले रिपोर्ट तुटतात. उलट एखादा रकाना १०० टक्के भरलेला असेल आणि त्यात ९० टक्के वेळा यादीतला पहिलाच पर्याय असेल, तर तो भरलेला नाही, नुसता पुढे ढकललेला आहे. यादीतला पहिला पर्याय ‘निवडा’ असा रिकामा ठेवला की हे लगेच उघडं पडतं.

लीड, कॉन्टॅक्ट, अकाउंट आणि डील यांत इतका गोंधळ का होतो?

कारण आपण सगळ्यालाच ‘पार्टी’ म्हणतो. अकाउंट म्हणजे कंपनी, कॉन्टॅक्ट म्हणजे तिथला माणूस, डील म्हणजे एक विशिष्ट ऑर्डर मिळण्याची शक्यता आणि लीड म्हणजे यातलं काहीच अजून पक्कं नसलेली कच्ची चौकशी. एका कंपनीत पर्चेस, मेंटेनन्स आणि प्लँट हेड असे तीन कॉन्टॅक्ट असू शकतात, डीलही एका वेळी चार चालू असू शकतात.

झोहो आणि सेल्सफोर्समध्ये लीड ‘कन्व्हर्ट’ केली की तिच्यातून बाकी तीन नोंदी तयार होतात. इथे एक नेहमीची चूक होते. लीडवर स्वतः बनवलेले रकाने, उदाहरणार्थ मशिनची क्षमता, डीलवरच्या रकान्यांशी जोडलेले नसतील तर ती माहिती पुढे येत नाही. लीड कन्व्हर्शन मॅपिंग ही सेटिंग सुरुवातीलाच एकदा पाहून घ्या. जुन्या ग्राहकाकडून नवी चौकशी आली तर लीड करू नका, थेट त्याच्या अकाउंटवर डील उघडा.

डीलचे टप्पे कसे ठरवावेत?

सॉफ्टवेअरबरोबर आलेले टप्पे जसेच्या तसे वापरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ते दुसऱ्याच कोणाच्या धंद्यासाठी लिहिलेले असतात.

टप्प्याचं नाव आपण काय केलं यावरून ठेवू नका. ग्राहकाने काय केलं यावरून ठेवा. ‘डेमो दिला’, ‘फॉलो-अप चालू’ हे आपले उद्योग. ते कितीही वेळा करता येतात आणि ऑर्डर एक इंचही पुढे सरकत नाही. त्याऐवजी असे टप्पे पाहा: ड्रॉइंग किंवा स्पेसिफिकेशन मिळालं, कोटेशन पोचल्याचं पर्चेसने कळवलं, टेक्निकल मंजुरी आली, भावाच्या बोलणीला बोलावलं, पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) आला. प्रत्येक टप्प्याला एक पुरावा आहे. मेल, कागद किंवा मीटिंगची तारीख दाखवता आली तरच डील पुढे सरकवायची. पाच ते सात टप्पे पुरेत.

‘होल्डवर’ नावाचा टप्पा मात्र नको. महिन्याभरात निम्म्या डील तिथे जाऊन बसतात. ग्राहकाचं बजेट पुढच्या वर्षावर गेलं असेल तर डील ‘हरली’ म्हणून बंद करा, कारणात ‘बजेट पुढे गेलं’ लिहा आणि एप्रिलमधलं फोनचं काम अकाउंटवर लावून ठेवा. आकडा खरा राहतो आणि ग्राहकही निसटत नाही.

हरण्याच्या कारणांच्या यादीत ‘भाव जास्त’ एवढाच पर्याय ठेवला तर तोच निवडला जाईल, कारण त्यात कोणाचाच दोष दिसत नाही. तो फोडा: स्पर्धकाचा भाव कमी (किती, ते लिहा), पेमेंटच्या अटी जुळल्या नाहीत, डिलिव्हरीला उशीर, टेक्निकल नापसंती, गरजच रद्द झाली, उत्तरच आलं नाही. या यादीतून तीन महिन्यांत जे कळतं, ते वर्षभराच्या मीटिंगमध्ये कळत नाही.

फॉलो-अप राहून जातात. सीआरएम यात काय करू शकतं?

आमच्या मते सगळ्या सीआरएमचं मूल्य एका नियमात आहे: उघड्या असलेल्या प्रत्येक डीलवर पुढचं काम, त्याची तारीख आणि ते करणारा माणूस नोंदलेला असलाच पाहिजे. हा नियम पाळला जात नसेल तर डॅशबोर्ड कितीही सुंदर असला तरी त्यावर वेळ घालवू नका.

अमलात आणायला एकच फिल्टर लागतो: उघडी डील आणि पुढच्या तारखेचं एकही काम नाही. ही यादी प्रत्येकाने रोज सकाळी रिकामी करायची. फोन झाला की नोंद करतानाच पुढची तारीख टाकायची, नंतर नाही. कामाच्या नावात ‘फॉलो-अप’ लिहू नका. ‘टीपीआयच्या (त्रयस्थ तपासणीच्या) अटीबद्दल पर्चेसला विचारणे’ असं लिहा. तीन आठवड्यांनी वाचल्यावर कशासाठी फोन करायचा ते कळायला हवं.

फोरकास्ट (येणाऱ्या ऑर्डरींचा अंदाज) नेहमीच फुगलेला येतो. का?

तीन कारणं असतात आणि तीनही तपासता येतात.

पहिलं, गेलेल्या तारखा. ऑर्डरची अपेक्षित तारीख उलटून गेली तरी डील उघडी राहते, आणि महिना संपला की सगळ्या तारखा एकगठ्ठा पुढच्या महिन्याच्या ३० वर ढकलल्या जातात. तारीख किती वेळा बदलली याचा इतिहास सीआरएम ठेवतं. काही ठिकाणी ती नोंद आधी चालू करावी लागते. तीनदा पुढे गेलेली डील वेगळ्या यादीत काढा आणि मॅनेजरने स्वतः ग्राहकाला फोन करावा.

दुसरं, टक्केवारी. ‘कोटेशन पोचलं’ या टप्प्याला सॉफ्टवेअरने आधीच ५० किंवा ७५ टक्के शक्यता लावलेली असते. ती तुमची नाही. मागच्या १२ महिन्यांत या टप्प्यापर्यंत आलेल्या आणि आता बंद झालेल्या सगळ्या डील घ्या. समजा ४० आल्या आणि १० ऑर्डर मिळाल्या, तर तुमची शक्यता २५ टक्के. म्हणजे त्या टप्प्यावर ८० लाखांच्या डील असतील तर फोरकास्टमध्ये २० लाख धरायचे, ६० नाही. मोठ्या आणि लहान ऑर्डरींचं प्रमाण वेगळं निघत असेल तर दोन पाइपलाइन (टप्प्यांच्या वेगळ्या रांगा) करा. डील फारच थोड्या असतील तर टक्केवारीच्या नादी न लागता नावानिशी यादी वाचा.

तिसरं, शिळ्या डील. जिंकलेल्या डील प्रत्येक टप्प्यात साधारण किती दिवस थांबल्या ते काढा. समजा कोटेशन ते टेक्निकल मंजुरी १२ दिवस लागतात. मग २४ दिवस तिथेच असलेल्या डीलला लाल खूण लागू द्या. अशी डील मिळतच नाही असं नाही, पण तिला जिवंत मानायला नवा पुरावा हवा.

आणि आर्थिक वर्ष तपासा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते जानेवारीपासून सुरू होतं. कंपनी सेटिंगमध्ये एप्रिल केलं नाही तर ‘पहिली तिमाही’ रिपोर्टमध्ये जानेवारी ते मार्च येते, आणि टार्गेटचे आकडे अकाउंट्स विभागाशी कधीच जुळत नाहीत.

एकच ग्राहक तीन-तीन वेळा नोंदला गेला आहे. काय करावं?

नावावरून डुप्लिकेट शोधणं आपल्याकडे चालत नाही. ‘श्री’ पुढे लागतो, मागे लागतो, गळतो. ‘इंडस्ट्रीज’ आणि ‘एंटरप्रायझेस’ यांची अदलाबदल होते. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येकाचं वेगळं. माणसासाठी मोबाइल नंबर आणि कंपनीसाठी जीएसटी नंबर ही ओळख धरा आणि दोन्ही रकाने ‘युनिक’ करा.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन. यातून एक चांगली सोय होते. पुण्यातला आणि वेर्ण्यातला प्लँट एकाच कंपनीचा असेल तर जीएसटी नंबर वेगळे, पण मधली दहा अक्षरं तीच. ती दहा अक्षरं वेगळ्या रकान्यात काढून घ्या आणि एकाच पॅनची अकाउंट्स एका मुख्य अकाउंटखाली जोडा. एका प्लँटला दिलेला भाव दुसऱ्या प्लँटच्या बोलणीत समोर येतो तेव्हा ही जोडणी नसल्याची किंमत कळते.

मर्ज करताना (दुहेरी नोंदी एकत्र करताना) आधी एक्सपोर्ट घ्या, कारण मर्ज सहसा उलटवता येत नाही. ज्या नोंदीवर ऑर्डरी आणि इतिहास जास्त, ती मुख्य ठेवा. रकान्यागणिक कोणती माहिती राहणार ते वाचून मगच बटण दाबा. घाईत जुना मोबाइल नंबर राहतो आणि नवा जातो. सुरुवात उघड्या डील असलेल्या ग्राहकांपासून करा. पाच वर्षांत काही न घेतलेल्यांची सफाई थांबू शकते.

एक्सेलमधून डेटा टाकताना नंबर का बिघडतात?

एक्सेल मोबाइल नंबरला संख्या समजतं. ९१ लावलेला १२ आकडी नंबर ९.१९८७७ई+११ असा दिसू लागतो, आणि त्याच अवस्थेत सीएसव्ही सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. लँडलाइनचा ०२० किंवा ०२२ मधला पहिला शून्य गळतो. उपाय: फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ मेनूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणा आणि नंबरचे कॉलम ‘टेक्स्ट’ ठेवा.

तारखांची गंमत नसते, नुकसान असतं. ०५/०४ हा आपला ५ एप्रिल, पण सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीवर असेल तर तो ४ मे होतो आणि कुठेही चूक दाखवली जात नाही. १३ तारखेपासून पुढच्या ओळी मात्र नाकारल्या जातात. ‘निम्म्याच ओळी आल्या’ अशी तक्रार असेल तर आधी हेच पाहा. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारात सेव्ह करा.

पाच हजार ओळी एकदम टाकू नका. दहा टाका, उघडून पाहा, मग बाकीच्या. आणि इम्पोर्टआधी आपोआप मेल पाठवणारे सगळे नियम बंद करा. नाहीतर दहा वर्षांच्या जुन्या ग्राहकांना ‘आमच्याकडे चौकशी केल्याबद्दल धन्यवाद’ असा मेल जातो.

इंडियामार्ट आणि वेबसाइटच्या चौकशा वाया जातात. काय बदलावं?

पोर्टलवरची एक गरज अनेक पुरवठादारांपर्यंत पोचते, त्यामुळे पहिला फोन कोणाचा याला फार महत्त्व आहे. चौकशी कोणीतरी कॉपी-पेस्ट करून टाकण्याची वाट पाहू नका. एपीआयने (दोन सॉफ्टवेअरमधल्या थेट जोडणीने) ती सरळ सीआरएममध्ये आणा. वाटप नियमाने होऊ द्या: पिन कोड किंवा प्रॉडक्ट पाहून माणूस ठरवा, आणि कामाच्या वेळेत ३० मिनिटांत नोंद झाली नाही तर लीड दुसऱ्याकडे जाऊ द्या. रजेवरच्या माणसाला वाटपातून काढण्याची जबाबदारी एकाकडेच द्या. दिवाळीच्या आठवड्यात सर्वांत जास्त लीड इथेच मरतात.

‘चौकशी कुठून आली’ हा रकाना माणसाच्या हाती ठेवू नका, एपीआयनेच भरू द्या. तो खरा असेल तरच वर्षअखेरीला पोर्टलचं पॅकेज पुन्हा घ्यायचं की नाही हे सांगता येतं. भागाकार सोपा आहे: पॅकेजची रक्कम भागिले त्यातून आलेल्या ऑर्डरींची संख्या. लीडच्या संख्येने भागू नका.

ऑटोमेशन किती करावं?

सुरुवातीला तीनच: लीडचं वाटप, कोटेशन गेल्यावर तिसऱ्या कामाच्या दिवशी फोनचं काम लागणं, आणि ठरावीक मर्यादेवरचा डिस्काउंट मंजुरीसाठी मॅनेजरकडे जाणं. प्रत्येक नियमाला त्याचा हेतू सांगणारं नाव द्या. ‘रूल ७’ कशासाठी होता हे वर्षाने कोणालाच सांगता येत नाही.

बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी होतो. नियम ‘नोंद बनताना किंवा बदलताना’ चालतो असा ठेवला, तर साधी स्पेलिंग दुरुस्त केली तरी पुन्हा मेल जातो. ‘टप्पा बदलून अमुक झाला तेव्हाच’ अशी अट घाला. दोन नियम एकमेकांचा रकाना बदलत असतील तर ते फिरत राहतात. नवा नियम आधी स्वतःच्याच मेल आयडीवर तपासा.

व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं सीआरएममध्ये कसं आणायचं?

माणसाच्या खासगी नंबरवरून चाललेलं बोलणं नीट आणता येत नाही. कंपनीच्या नावावरचा नंबर व्हॉट्सॲप बिझनेस एपीआयने सीआरएमला जोडावा लागतो. त्यात एक नियम लक्षात ठेवा: ग्राहकाचा शेवटचा मेसेज आल्यापासून २४ तास तुम्ही मोकळेपणाने लिहू शकता, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेलं टेम्प्लेटच पाठवता येतं. म्हणून कोटेशन पाठवल्याची, डिस्पॅचची आणि पेमेंटच्या आठवणीची टेम्प्लेट आधीच मंजूर करून ठेवा.

प्रमोशनल एसएमएस पाठवत असाल तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्प्लेट नोंदवावं लागतं. नोंदवलेल्या मजकुरात बदल झाला तर मेसेज अडतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे नंबर कुठून मिळाला, संमती कधी दिली, ‘नको’ कधी सांगितलं हे तीन रकाने ठेवणं शहाणपणाचं आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास त्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सीआरएममधून पाठवलेले मेल स्पॅममध्ये जातात. का?

सीआरएम तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवतं, पण डोमेनने त्याला तशी परवानगी दिलेली नसते. डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर तुमचाच असल्याचं दाखवणाऱ्या नोंदी कराव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तीनही बंधनकारक आहेत, आणि जाहिरातीच्या मेलला एका क्लिकचं ‘अनसबस्क्राइब’ही. नेहमीची चूक: ऑफिसच्या मेलची एसपीएफ नोंद असताना सीआरएमसाठी दुसरी केली जाते. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन्ही सेवा त्याच ओळीत लिहा.

टॅलीशी जोडणी करावी का?

हो, पण एका दिशेने सुरुवात करा. टॅलीतून सीआरएममध्ये दोनच गोष्टी आणा: थकबाकी आणि शेवटच्या बिलाची तारीख. लेजरच्या नावावर जुळवू नका, जीएसटी नंबरवर जुळवा. पत्ता, क्रेडिट मर्यादा यांचा मालक टॅली. कॉन्टॅक्टचं नाव, मोबाइल यांचा मालक सीआरएम, हे लिहून ठरवा. दोन्हीकडून दोन्हीकडे लिहिणारी जोडणी पहिल्याच महिन्यात कोणाचा तरी पत्ता जुन्यावर नेते. रोज रात्री एकदा अपडेट झालं तरी पुरतं. भेटीला निघताना कालची उधारी कळली म्हणजे झालं.

आठवड्याच्या मीटिंगमध्ये काय पाहावं?

सीआरएम स्क्रीनवर उघडं ठेवून चार याद्या: पुढचं काम नसलेल्या डील, तारीख उलटलेल्या डील, या महिन्यात बंद होणाऱ्या डील आणि मागच्या आठवड्यात हरलेल्या डील. प्रत्येक डीलला एकच प्रश्न: ग्राहकाकडून पुढचं काय येणार आहे आणि कधी? दुरुस्ती तिथेच, सगळ्यांसमोर. भेटींची संख्या हा आकडा बक्षिसाला जोडू नका. जोडला की भेटी वाढतात, ऑर्डरी वाढत नाहीत.

लोकेशन ट्रॅकिंग लावावं का?

भेटीच्या ठिकाणी चेक-इन पुरतं. दिवसभर माग ठेवल्याने बॅटरीही जाते आणि विश्वासही.

सेल्सचा माणूस नोकरी सोडतोय. काय क्रमाने करावं?

लॉगिन डिलीट करू नका, बंद करा. सेल्सफोर्समध्ये आधी ‘फ्रीझ’ करा, कारण तो माणूस कुठल्या नियमात डिफॉल्ट मालक असेल तर खातं लगेच निष्क्रिय होत नाही. मग अकाउंट, डील आणि उघडी कामं नव्या माणसाच्या नावावर करा. कामं वेगळी हलवावी लागतात आणि तीच राहून जातात. पुढच्या महिन्यात करायचे फोन बंद खात्यात पडून राहतात. जोडलेला मेलबॉक्स, मोबाइल ॲपचं सेशन आणि त्याच्या नावावरची एपीआय टोकन (जोडणीच्या किल्ल्या) रद्द करा. टोकनवर एखादी जोडणी चालत असेल तर ती दुसऱ्या दिवशी थांबते, म्हणून जोडण्यांसाठी कायम वेगळं सिस्टिम खातं ठेवा. एक्सपोर्टची परवानगी सुरुवातीपासूनच मॅनेजर आणि ॲडमिनपुरती हवी. राजीनाम्यानंतर काढून उपयोग नसतो.

क्लाउडवर आहे, मग बॅकअप कशाला?

चुकून पुसलेलं सेल्सफोर्सच्या रीसायकल बिनमध्ये १५ दिवस राहतं, झोहोमध्ये ६० दिवस. चुकीच्या इम्पोर्टने बदललेले रकाने तर तिथे येतच नाहीत. महिन्यातून एकदा पूर्ण एक्सपोर्ट घ्या. कोटेशनच्या पीडीएफ आणि इतर अटॅचमेंट बहुधा वेगळ्या निवडाव्या लागतात, ते तपासा.

एआयच्या सुविधा वापराव्यात का?

कॉलचा सारांश आणि मेलचा मसुदा यांसाठी आजच वापरा. रक्कम आणि तारीख मात्र स्वतः वाचून पक्की करा. लीड स्कोअरिंग (कोणती चौकशी ऑर्डर होईल याला गुण देणं) तुमच्याच जुन्या जिंकलेल्या-हरलेल्या डीलवरून शिकतं. हरलेल्या डील तुम्ही बंदच करत नसाल तर त्याला शिकायला काही नसतं. आधी वर्षभराचा स्वच्छ इतिहास जमू द्या.

हे जमत नाही, दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का?

आधी ९० दिवस द्या: पहिल्या महिन्यात रकाने आणि टप्पे, दुसऱ्यात डुप्लिकेट आणि पुढच्या कामाचा नियम, तिसऱ्यात कोटेशन आणि टॅली. त्यानंतरही मोबाइल ॲप नेटवर्क नसताना चालत नसेल, कोटेशनचा तुमचा फॉरमॅट बसत नसेल किंवा एपीआय वरच्या महागड्या प्लॅनमध्येच मिळत असेल, तर बदला. नवं घेताना डेमो त्यांच्या नमुना डेटावर पाहू नका. तुमचे ५० ग्राहक आणि १० चालू डील त्यांना द्या आणि तुमच्याच टीममधल्या एकाला मोबाइलवरून चौकशी ते कोटेशन करून दाखवायला सांगा.